नाव भाड्याचं, शब्द कुणाचा?

‘माझी वेबसाइट’ असं आपण अगदी सहज म्हणतो. कुणी कविता टाकायला घेतलेली असते, कुणी आईच्या मसाल्यांच्या घरगुती व्यवसायासाठी, कुणी गावच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी. यातला ‘वेबसाइट’ हा शब्द समजायला फारसा अवघड नाही. अवघड आहे तो ‘माझी’ हा शब्द.

मी गेली काही वर्षं लहान संस्थांना आणि दुकानदारांना वेबसाइट बनवून देते. पैशांचं बोलणं झालं की बहुतेक जण एक प्रश्न हमखास विचारतात, “म्हणजे एकदा नाव विकत घेतलं की ते कायमचं आपलं ना?” मी म्हणते, “नाही. नाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं.” समोरचा माणूस थोडा थांबतो, मग “चालतंय, सगळंच तसं असतं,” म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मला मात्र त्या ‘चालतंय’शी थोडं थांबावंसं वाटतं. जे आपलं नाहीच, त्याची जबाबदारी आपल्यावर किती?

आधी व्यवहार समजून घेऊ. वेबसाइट चालायला दोन वेगळ्या गोष्टी लागतात, डोमेन आणि होस्टिंग. डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे जागा. तुमचे फोटो, लेख, किमतींचे तक्ते हे सगळं कुठल्यातरी कॉम्प्युटरवर ठेवलेलं असतं आणि तो चोवीस तास चालू राहावा लागतो. त्या कॉम्प्युटरवरच्या जागेचं भाडं म्हणजे होस्टिंग. त्या कॉम्प्युटरला आकड्यांचा एक पत्ता असतो. तो कुणाच्या लक्षात राहणार? फोनमध्ये आपण ‘आई’ या नावावर बोट ठेवतो, दहा आकडे आठवत बसत नाही. डोमेनचंही तसंच आहे. तुम्ही नाव टाकलं की फोन नेमसर्व्हरला विचारतो, “या नावाचा आकडा काय?” उत्तर आलं की त्या आकड्यावर जाऊन पान घेऊन येतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

दोन्हींची बिलं बऱ्याचदा एकाच दुकानात भरली जातात, म्हणून ती एकच गोष्ट वाटते. पण होस्टिंग बदलून नाव तेच ठेवता येतं. खोली बदलली तरी दारावरची पाटी तीच राहू शकते.

सुरुवातीला या नावांचा बाजार नव्हता. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांच्या हाताखालची मंडळी सांभाळत. कॉम्प्युटर वाढले तशी ती एक वही पुरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची डोमेन नावांची पद्धत मांडली, ज्यात एकच वही न ठेवता प्रत्येकाने आपापला भाग सांभाळायचा होता. १५ मार्च १९८५ रोजी पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं. ते सिम्बॉलिक्स नावाच्या कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचं होतं.

आज या व्यवस्थेच्या वरच्या टोकाला १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था आहे. तिच्याखाली प्रत्येक शेपटाची एक रजिस्ट्री असते. आपल्या डॉट इनची आणि देवनागरीतल्या डॉट भारतची रजिस्ट्री निक्सी ही भारतीय संस्था सांभाळते. रजिस्ट्रीखाली रजिस्ट्रार, म्हणजे आपण जिथे कार्डाने पैसे भरतो ते दुकान. सगळ्यात खाली आपण. या साखळीत ‘विक्री’ कुठेच नाही, आहे ती ‘नोंदणी’. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी मिळते. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर रजिस्ट्रारप्रमाणे काही दिवसांची सवलत मिळते. मग ३० दिवस जादा शुल्क भरून नाव परत घेता येतं. त्यानंतर ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही आणि मग बाजारात मोकळं होतं. ते पुढे कोण घेणार, यावर तुमचा काहीही अधिकार नसतो.

भाड्याच्या गोष्टीला ‘माझी’ म्हणणं आपल्याला नवीन नाही. मुंबईत पागडीच्या खोलीत तीन पिढ्या काढलेलं कुटुंब ‘आमची खोली’च म्हणतं आणि कायदाही त्यांना बऱ्यापैकी संरक्षण देतो. कूळकायद्यामागे ‘कसेल त्याची जमीन’ हा विचार होता. एखाद्या जागेत माणसाने घाम गाळला की त्या जागेशी त्याचं नातं तयार होतं, हे आपल्याकडे कायद्याने मान्य केलेलं आहे. डोमेनला घाम समजत नाही. तुम्ही एका नावाखाली पंधरा वर्षं लिहिलं असेल, रोज हजार लोक येत असतील, तरी एक बिल चुकलं की नाव गेलं. ट्रेडमार्क असेल तर तक्रारीची सोय आहे. पण गावातल्या भजनी मंडळाकडे ट्रेडमार्क कुठून येणार?

आमच्याच जिल्ह्यातल्या एका वाचनालयाचं उदाहरण सांगते. वाचनालयाच्या शताब्दीला एका सभासदाच्या मुलाने हौसेने वेबसाइट करून दिली होती. तिच्यावर पुस्तकांची यादी होती, जुने फोटो होते, देणगीदारांची नावं होती. छापील स्मरणिकेच्या मागच्या पानावर क्यूआर कोडही दिला. मुलगा शिकायला आणि मग नोकरीला बाहेरगावी गेला. नाव रिन्यू करा, अशी स्मरणपत्रं त्याच्या कॉलेजच्या मेलवर येत राहिली आणि तो मेल त्याने केव्हाच वापरणं सोडलं होतं. मला बोलावलं तेव्हा तो कोड स्कॅन केला की ऑनलाइन सट्ट्याची जाहिरात उघडत होती. नाव मोकळं झाल्यावर कुणीतरी ते रीतसर पैसे भरून घेतलं होतं.

वाचनालयाचे चिटणीस निवृत्त शिक्षक. त्यांनी फाइलमधून पावती काढून माझ्यापुढे ठेवली. “ताई, ही बघा. नाव घेतल्याची पावती आहे आमच्याकडे.”

मी म्हटलं, “गुरुजी, ती तीन वर्षांची आहे.”

“मग तीन वर्षांनी आमचं काय राहिलं?”

या प्रश्नाचं उत्तर कराराच्या भाषेत सोपं आहे : काहीच नाही. मुलाने फुकट काम करून दिलं, रजिस्ट्रारने ठरल्याप्रमाणे स्मरणपत्रं पाठवली, नव्या माणसाने नियमाप्रमाणे नाव घेतलं. कुणीही खोटं बोललं नाही. तरीसुद्धा नातवंडांना स्मरणिका दाखवणाऱ्या आजोबांच्या फोनवर सट्टा उघडत होता आणि वर नाव वाचनालयाचं होतं. गुरुजींनी काय केलं? वाचनालयासाठी नवं नाव घेतलं. संध्याकाळी चार सभासदांना बसवून शिल्लक स्मरणिकांवरच्या कोडावर नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. वाटून झालेल्या प्रतींसाठी सभासदांना एकेक करून फोन केले. मी म्हटलं, “एवढं कशाला, गुरुजी? नाव आता आपलं नाहीच.” ते म्हणाले, “नाव नसेल आपलं. पण त्यावर जा म्हणून लोकांना सांगितलं होतं ते आपणच ना?”

या सगळ्या विषयातला मुख्य नैतिक मुद्दा मला गुरुजींच्या या वाक्यात दिसतो. भाडेकरार होतो तो दोघांत, मी आणि रजिस्ट्रार. पण नाव वापरायला लागल्यावर त्यात तिसरा माणूस येतो, ज्याने कशावरही सही केलेली नसते. तो आपला पत्ता वहीत लिहून ठेवतो, मित्राला पाठवतो, पुस्तकाच्या तळटीपेत देतो. करार संपला हे त्याला कुणी कळवत नाही.

असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बाबतीतही घडलेलं आहे. २०११ मध्ये व्हिडिओ गेमसंबंधीच्या एका खटल्यात न्यायमूर्ती अलिटो यांनी आपल्या मतात एका वेबसाइटचा पत्ता दिला होता. पुढे ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं आणि तिथे खोचक मजकूर टाकला. या पानाचा दाखला तुम्ही दिला नाहीत हे बरं झालं, नाहीतर मूळ लेखक निघून गेल्यावर माझ्यासारखा कुणी येऊन इथे काहीही लिहू शकला असता, असा त्याचा आशय होता. हार्वर्डच्या अभ्यासकांनी त्या न्यायालयाच्या निकालांमधले पत्ते तपासले, तेव्हा जवळपास निम्मे पत्ते मूळ मजकुरापर्यंत नेत नव्हते. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आपलं ‘पासपोर्ट’ हे डॉट कॉम नाव रिन्यू करायला विसरली. हॉटमेलमध्ये शिरण्याची वाट त्याच नावावरून जात होती, त्यामुळे अनेकांना आपली टपालपेटी उघडेना. शेवटी ऐन नाताळात एका बाहेरच्या प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले आणि गाडी रुळावर आली. त्याच्यावर कुठलंही बंधन नव्हतं. लोकांची अडचण होतेय आणि आपल्याला ती दूर करता येतेय, एवढंच कारण त्याला पुरलं.

मग याचा अर्थ असा घ्यायचा का, की एकदा नाव घेतलं की जन्मभर पैसे भरत राहायचे? वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं होतं की चांगला पत्ता बदलत नाही आणि तो न बदलण्याची जबाबदारी पत्ता देणाऱ्याची आहे. मला त्यांचा आग्रह पटतो, पण पूर्ण नाही. माणसं जातात, संस्था बंद पडतात, देशसुद्धा संपतात. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू हे शेपूट देशाच्या मागे काही वर्षं रेंगाळलं आणि ३० मार्च २०१० रोजी कायमचं काढून टाकलं गेलं. त्या शेपटाची सगळी नावं त्याच्याबरोबर गेली. अमरपणाची सक्ती केली, तर पैसेवालेच काय ते नाव घेऊ शकतील आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला ब्लॉग सुरू करतानाच धडकी भरेल.

मला इथे पाणपोई आठवते. उन्हाळ्यात रस्त्याकडेला कुणीतरी लाल फडकं गुंडाळलेला रांजण ठेवतं. पाणपोई सुरू करायची सक्ती कुणावर नसते आणि ती दर वर्षी चालवायचीही नसते. पण इथे पाणी मिळतं हे एकदा वाटसरूंना ठाऊक झालं की काही माणसं त्या भरवशावर घरून बाटली न घेता निघतात. पाणी बंद करायचं असेल तर रांजण उपडा घालून ठेवावा, म्हणजे लांबून कळतं. तो तसाच सोडून दिला तर आत काय साचेल आणि ते कोण पिईल, सांगता येत नाही. पाणपोईवाल्यावर ती चालूच ठेवण्याचं बंधन नाही, पण नीट बंद करण्याचं आहे. डोमेन घेणाऱ्यावरही मला एवढंच बंधन दिसतं, पण ते खरं बंधन आहे.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेऊन पाहते. पुसून टाकण्याचा हक्क आहे की नाही? सोळाव्या वर्षी लिहिलेल्या कविता पंचविसाव्या वर्षी जगाने वाचू नयेत असं वाटणं चूक आहे का? अजिबात नाही. इथे नाव आणि जागा यांतला फरक कामाला येतो. जागेत ठेवलेला मजकूर तुमचा आहे. तो तुम्ही लिहिला, तुम्ही पुसू शकता, कुणाला कारण सांगायची गरज नाही. नावाचं वेगळं आहे. ते इतरांच्या वह्यांत, फोनमध्ये, तळटीपांत लिहिलेलं असतं. मजकूर पुसला तर वाचकाला रिकामं पान दिसतं, फार तर तो हळहळतो. नाव सोडून दिलं तर त्याच्यासमोर कोण उभं राहील ते तुमच्या हातात नसतं. म्हणजे गंमत अशी की जे खरोखर तुमचं आहे त्याबाबत तुम्ही जगाचं फारसं देणं लागत नाही आणि जे तुमचं कधीच नव्हतं, नुसतं भाड्याचं होतं, त्याबाबत बरंच लागता.

नावाबरोबर मेलही जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. संस्थेच्या नावाचे मेल-पत्ते असतील आणि ते नाव दुसऱ्याने घेतलं, तर त्या पत्त्यांवर येणारी पत्रं तो स्वतःच्या पेटीत वळवू शकतो. बँकेचा निरोप, पासवर्ड बदलण्याची लिंक, एखाद्या विद्यार्थिनीने मदत मागत लिहिलेलं पत्र, सगळं. तुम्ही संस्था बंद केली हे तिला माहीत नसतं. तिने तर विश्वासाने लिहिलेलं असतं.

जबाबदारी सगळ्यांची सारखी नसते. जितक्या लोकांना तुम्ही या म्हणालात आणि बंद करण्याची ताकद जितकी तुमच्या हातात, तितकी ती मोठी. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेने सामान्य माणसांना फुकट जागा दिली. तिथे विषयांप्रमाणे वस्त्या होत्या आणि लोक त्यांत आपापलं घर मांडत. १९९९ मध्ये ती याहूने घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. सूचना काही महिने आधी दिली होती. पण ज्यांनी दहा वर्षांपूर्वी आपल्या मांजराचे किंवा गेलेल्या वडिलांचे फोटो तिथे लावले, त्यांच्यापर्यंत ती सूचना पोहोचली असेल का? आर्काइव्ह टीम नावाच्या हौशी मंडळींनी शेवटच्या महिन्यांत धावपळ करून जमेल तेवढं उतरवून घेतलं. काम त्यांचं नव्हतं, ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही. फुकट दिलेल्या जागेतही शब्द दिलेला असतोच.

याच्या उलट बाजूला आपला निष्काळजीपणा आहे. आपण ‘क्लाउड’ म्हणतो आणि आकाशातलं काहीतरी डोळ्यांपुढे आणतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या इमारतीला आग लागली. एक डेटा सेंटर पूर्ण जळालं आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, अशा काही ग्राहकांचा मजकूर कायमचा गेला. ढग म्हणजे शेवटी विटा, तारा आणि पंखे असलेली इमारत. आपल्या मजकुराची एक प्रत स्वतःकडे ठेवणं ही तांत्रिक हुशारी कमी आणि घरातली कागदपत्रं नीट ठेवण्याची सवय जास्त आहे.

आणि मरण. तुम्ही विशीत असाल तर हा विषय लांबचा वाटेल, पण घरात कुणीतरी गेल्यावर हे काम तरुणांच्याच गळ्यात पडतं. वडिलांनी वीस वर्षं वनस्पतींवर लिहिलेली वेबसाइट आहे, रजिस्ट्रारचा ओटीपी त्यांच्या नंबरवर येतो आणि तो नंबर घरच्यांनी बंद केलाय. सातबारावर वारसाची नोंद कशी लावायची हे तलाठी सांगतो. इथे बहुधा कुणीच सांगायला नसतं. म्हणून ज्यांच्याकडे असं नाव आहे त्यांनी ते कुठे नोंदलंय आणि मुदत कधी संपते, एवढं तरी एका कागदावर लिहून घरात ठेवावं. याला मृत्युपत्र म्हणायचीही गरज नाही.

वेबसाइटवाल्यांबद्दलही, म्हणजे माझ्या व्यवसायाबद्दलही, बोलायला हवं. ग्राहकाचं नाव स्वतःच्या खात्यात नोंदून ठेवणं ही आमच्याकडची सर्रास चालणारी पद्धत आहे. कधी सोय म्हणून, कधी ग्राहक सोडून जाऊ नये म्हणून. कागदोपत्री ते चालून जातं. पण दुसऱ्याच्या दारावरची पाटी आपल्या खिशात घेऊन फिरण्यासारखं ते आहे. नोंदणी ज्याची त्याच्या नावावर असावी, संस्थेच्या मेलवर असावी आणि किल्ली किमान दोघांकडे असावी. संस्था असेल तर चिटणीस बदलताना दप्तराबरोबर हीही सोपवली जावी.

एवढा विचार करून कुणी वेबसाइट काढणं सोडून द्यावं, असं मला मुळीच वाटत नाही. उलट स्वतःच्या नावावर लिहिणारे लोक कमी होत आहेत, याची मला जास्त काळजी वाटते. दुसऱ्याच्या ॲपवर लिहायला आपल्याला नावाचं भाडं पडत नाही, पण मग पाटीही आपली नसते आणि ती कधी उतरवायची हे तिसराच ठरवतो. भाड्याचं का होईना, स्वतःचं नाव घेतलं तर निदान दिलेला शब्द आपण स्वतः पाळू शकतो.

तेव्हा नाव जरूर घ्या, त्यावर जे लिहायचं ते मोकळेपणाने लिहा. कंटाळा आला, दिशा बदलली, पैसे संपले, तर बंदही करा. फक्त बंद करताना लेखांची एक प्रत इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी पोहोचवा, निदान जे लेख राहावेत असं वाटतं ते. त्या नावाच्या मेलवर चालणारी खाती दुसऱ्या मेलवर हलवा. पहिल्या पानावर दोन ओळी लिहा की हे आता थांबलं आहे, आणि शक्य असेल तर वर्षभर तेवढं एकच पान राहू द्या. वर्षभराचं हे भाडं बहुतेक वेळा एका पिझ्झापेक्षा फार जास्त नसतं. आधी पाटी लावा, पैसे भरणं त्यानंतर थांबवा.